आईचा पाय आणि बी.एस्सी.वाली पोरगी

मागच्या आठवड्यात वाशिमच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये होते... नर्स म्हणून नाही, पेशंटची नातेवाईक म्हणून. आमच्या गावी, धनजला, गोठ्यात आई घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन करावं लागलं.

गंमत म्हणजे याच हॉस्पिटलने दोन महिन्यांपूर्वी मला नोकरी नाकारली होती. "मॅडम, अनुभव छान आहे, पण आम्ही आता बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांनाच प्राधान्य देतो." मी जीएनएम, म्हणजे डिप्लोमावाली. कारंजाच्या एका लहान दवाखान्यात उभी हयात गेली माझी... डोक्यात तिडीकच गेली होती.

त्यामुळे वॉर्डात पाऊल टाकल्यापासून माझं नाक मुरडणं सुरू होतं. आमच्या वेळी कशी कांजी केलेली कडक टोपी असायची! होस्टेलवर आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या टोप्यांना पिना लावून द्यायचो. सिस्टर वॉर्डात शिरली की पेशंटसुद्धा सावरून बसायचे. आता टोपी गेली, आणि या पोरी नुसत्या मॉनिटरकडे बघत फिरतात... असं आपलं मनातल्या मनात चाललेलं.

आईच्या बेडला प्रांजली नावाची मुलगी होती. आसेगावची, नुकतीच बी.एस्सी. नर्सिंग पास झालेली. येता-जाता आईला प्रश्न विचारायची. आजी, दम लागते का? आजी, पाय कसा आहे? आईचं उत्तर ठरलेलं. "काई नाई व माय, मस्त हाओ मी."

तिसऱ्या दिवशी दुपारी आई मला हळूच म्हणाली, "पाय लय भरून आला व. जरासा चेपून दे." ऑपरेशनचा नाही, दुसरा पाय.

आणि मला एकदम ते दिवस आठवले. ट्रेनिंगला असताना मी सुट्टीत घरी यायचे, वॉर्डात उभं राहून राहून पोटऱ्यांचे गोळे झालेले असायचे. आई दिवसभर शेतात राबून आलेली, तरी चुलीपाशी बसून तेल कोमट करायची आणि माझे पाय मांडीवर घ्यायची. मी नको नको म्हणायचे आणि चेपता चेपताच झोपून जायचे. तेवढी गाढ झोप मला नंतर कधी लागली नाही.

पिशवीतून तेलाची बाटली काढली. पोटरीवर हात ठेवला, चोळायला लागणार... तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, थांबा! चोळू नोका!"

आई वैतागलीच. "काहून व? पोरगी पाय चेपून राह्यली, तुले काय तरास?"

प्रांजलीने आधी आईला शांत केलं, मग टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. भरून आलेली पोटरी जाड होती, गरमही होती. रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, असं तिने मला हळू आवाजात सांगितलं. हे मलाही शिकवलं होतं की! पण त्या क्षणी मी नर्स नव्हतेच... मी लेक होते.

तिने तिथेच उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. काय दिसलं, काय मोजलं, काय शंका आहे आणि सोनोग्राफी लगेच का हवी, सगळं सरळ सांगितलं. मी ऐकतच राहिले. आमच्या वेळी दुपारी डॉक्टरांना उठवायची छाती नव्हती आमची. राउंडला आले की सांगू म्हणायचो, आणि राउंडला हात मागे बांधून गप्प उभ्या राहायचो.

गुठळीच निघाली. इंजेक्शनं सुरू झाली, आई वाचली.

आम्ही पेशंटला जीव लावण्यात कुठे कमी नव्हतो, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण बघितलेल्या गोष्टीचा अर्थ लावायचा आणि तो डॉक्टरांपुढे बोलून दाखवायचा, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. या पोरींना चार वर्षं तेच शिकवतात. हॉस्पिटलं यांना काहून मागतात, ते मला माझ्याच आईच्या बेडपाशी कळलं.

डिस्चार्जच्या दिवशी आईला सगळं सांगितलं. नोकरी नाकारल्याचं, आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं तर दोन वर्षांत जीएनएमवाल्या मलाही डिग्री मिळते, तेही. या वयात कुठे आता पोरींसोबत बाकावर बसू, असं म्हणून मी हसले.

आई हसली नाही. "जाय शिकाले," म्हणाली. "दमून आली का पाय मी चेपून देईन. आता हाओ ना मी."

सोमवारी कॉलेजात चौकशीला जातेय. प्रांजली, तुझे आभार कसे मानू गं... पाय चेपणारे हात तू मला परत दिलेस.