गफूरच्या रंगाला टेप नाही

संध्याकाळी शेड झाडली की कोपऱ्यात मास्किंग टेपचे बोळे साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. आमच्या गॅरेजचे किस्सेही तसेच साठले. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सजवून सांगता येत नाही, जसं घडलं तसं सांगतो.

पळस्पे फाट्याजवळ आमची शेड. आम्ही तिघे. हिराजी ओवे गावचा, डेंटर. ठोकलेला पत्रा सरळ करतो. गफूर पनवेलचा, पेंटर. रंग मारतो. शेवटी मी. मशीनने पॉलिश करून चमक काढतो. तीस वर्षांच्या वर झाली. तेव्हा शेडच्या मागे भाताची खाचरं होती, बेडकांच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. आता टॉवर आहेत. तरी आम्ही ओरडूनच बोलतो, कारण तिघांनाही कमी ऐकू येतं!

*

मशीन नवीन आलं त्या दिवशी गफूर म्हणाला, "झालं! आता मी लावणार आणि हा खाणार!"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. पॉलिश म्हणजे रंग घासणंच. सगळ्यात भीती कडांची. ओला रंग कडेवरून सरकतो, म्हणून तिथे थर पातळ राहतो. मशीन कडेला जरा जास्त टेकलं की रंग जळतो, खालचा राखाडी प्राइमर दिसतो. मग पुन्हा रंग मारल्याशिवाय इलाज नाही.

म्हणून कंपनीचा रंग असेल तर मी कडेला टेप लावतो आणि तेवढा भाग नंतर हाताने घासतो. पण गफूरचं बोलणं मला लागलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या रंगाला टेप नाही. मशीन कडेपर्यंत नेणार. ज्या दिवशी कड जळेल, त्या दिवशी मशीन खाली ठेवीन आणि घरी जाईन."

"इन्शाअल्लाह, लवकरच!" गफूर म्हणाला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो चष्मा लावून येतो. वाकून कडा बघतो, बोट फिरवतो आणि म्हणतो, "आजही बचावलास, नाना."

शाबासकी एकदाही नाही.

*

पॉलिश झालेल्या गाडीजवळ यायचं तर पट्टा काढायचा, हा शेडचा नियम. माणूस वाकतो, बक्कल घासतं, दिवसभराचं काम मातीत.

एक बिल्डर गाडी न्यायला आला. पोट मोठं, बक्कल चांगलं तळहाताएवढं.

"पट्टा काढा," मी म्हणालो.

"मला? अहो नाना, गावात मला कोणी असं बोलत नाही!"

"हे गाव नाही. गॅरेज आहे."

"पँट खाली येईल!"

"पँट परत वर घेता येते. रंग नाही घेता येत."

काढला. दोन्ही हातांनी पँट धरून त्याने गाडीला पूर्ण फेरी मारली. पुढच्या वेळी ड्रायव्हरला पाठवलं. ड्रायव्हर गेटपासूनच पँट धरून आला!

*

दुसरा नियम फडक्याचा. जमिनीवर पडलेलं फडकं मेलं. झटकून चालत नाही. एक खडा अडकला तरी गाडीभर रेघा उमटतात.

हिराजी पहिल्यांदा हसायचा. "नाना, पडला त काय, उचलायचा!" मी त्याच्यासमोर फडकं कचऱ्यात टाकायचो. दोन वर्षांत सुधारला.

जास्तच सुधारला. एक दिवस त्याची बायको डबा घेऊन शेडवर आली ती तावातावाने. "नाना, काय शिकवलंत यांना? घरात रुमाल पडला तरी उचलत नायत. म्हनतात, मेला! रोज एक रुमाल मरतो आमच्याकडे!"

हिराजी खाली मान घालून पत्रा ठोकत होता. मी म्हणालो, "वहिनी, माणूस तयार झाला."

"मंग तुमीच ठेवा तयार केलेला!"

*

गरम पत्र्यावर मशीन लावायचं नाही. आधी उलटा हात ठेवून बघायचा. चटका लागला तर थांबायचं.

आमचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या गाडीला कधी ओरखडा नाही, रंग अजून कंपनीचा. एकदा भर दुपारी उन्हातून आले. "नाना, अर्ध्या तासात पॉलिश. दवाखान्यात माणसं बसलीत."

मी बॉनेटवर उलटा हात ठेवला. "ताप आहे. आत्ता नाही."

"मला सांगता ताप?"

"तुमच्याकडे आलेला माणूस घाई करतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

डॉक्टर स्टुलावर बसले. थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला. म्हणाले, "एका पेशंटजवळ बसलोय. ताप उतरल्याशिवाय हलता येत नाही." गफूर इतका हसला की त्याचा मास्क पडला.

*

मधे गफूर मस्कतला गेला. मुलीचं लग्न काढायचं होतं. दोन वर्षं त्याच्या जागी दुसरा पेंटर होता. काम स्वच्छ होतं त्याचं, उगाच नाव ठेवणार नाही. गफूर नाही म्हणून शब्द मोडायचा का? मी त्याच्याही रंगाला टेप लावली नाही.

पहिल्याच महिन्यात एका दरवाजाची कड धुरकट झाली. मशीन उचललं म्हणून वाचली. मग एका बॉनेटची. तिथे तर केसाएवढंच राहिलं होतं.

हात आपला राहिला नाही, असं मला वाटू लागलं. रात्री जेवताना भाकरीच्या कडेवरून बोट फिरवायचो.

हिराजीच्या नजरेतून सुटलं नाही. हळूच म्हणाला, "नाना, टेप लावा. गफूरभाय थोडाच हाय हिकडं बघायला?"

"म्हणूनच नाही लावत."

मी ठरवलं, गफूर परत आला की मशीन आपणहून खाली ठेवायचं. तो आला. खजूर आणले, अत्तर आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक दरवाजा रंगवला. म्हटलं, हा शेवटचा. मशीन कडेपर्यंत नेलं. कड जशीच्या तशी! पुढचा दरवाजाही. हात परत आला. मशीन ठेवायचं राहून गेलं.

कोणाला काही बोललो नाही. खजूर मात्र दोन जास्त खाल्ले.

*

हा मागच्या महिन्यातला.

खारघरची एक मुलगी जुनी गाडी विकत घेत होती, ती तपासायला शेडवर घेऊन आली. गाडी पूर्वी आमच्याकडे ठोकून आलेली, गफूरने पूर्ण रंगवलेली. मुलीकडे एक छोटं मीटर होतं. पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती जाड ते आकड्यात दाखवतं.

मी तिला आधीच सांगितलं, "कडेला कमी दाखवेल. घाबरू नकोस. कुठल्याही गाडीला कडेला कमीच असतो."

तिने बॉनेटच्या मधे मीटर टेकवलं. एकशे तीस. कडेला टेकवलं. दोनशे.

"काका, उलटं कसं?"

"परत बघ."

तिने दरवाजा बघितला. मधे कमी, कडेला जास्त. दुसरा दरवाजा. डिकी. सगळीकडे तेच.

गफूर स्टुलावरून म्हणाला, "मीटर बिघडलंय, बेटा."

डॉक्टरांची गाडी बाजूलाच उभी होती, कंपनीच्या रंगाची. मुलीने तिथे टेकवून बघितलं. मधे जास्त, कडेला कमी. मीटर बरोबर होतं.

शेडच्या भिंतीला हिराजीचा जुना टेम्पो उभा आहे. मशीन आलं त्याच वर्षी गफूरने रंगवलेला, माझ्या मशीनखाली आलेला पहिला. आता तो चालत नाही. मी मुलीला म्हणालो, "जरा त्याला लाव."

तिने दरवाजाच्या मधे टेकवलं. मग कडेला.

कडेला जास्त.

हिराजी सरळ झालेला पत्रा पुन्हा ठोकायला लागला. गफूरने स्प्रे गन उचलली आणि पुसायला घेतली. ती सकाळीच पुसलेली होती.

मुलगी गेली. मी हातातली गाडी पुरी केली. नेहमीसारखीच, टेप न लावता.

संध्याकाळी गफूर आला. चष्मा लावला. वाकून कड बघितली, बोट फिरवलं.

"आजही बचावलास, नाना."