मोज्यांचा वास

नाशिकजवळच्या ओझरहून निघालेल्या विमानात धूर झाला. विमान परत उतरलं. त्याच आठवड्यात माझी पत्नी दवाखान्यात वारली.

आम्ही मुलीकडे बंगळुरूला निघालो होतो. पत्नीला दमा होता, पण इतक्या वर्षांचा की घरातल्या एखाद्या माणसासारखा त्याचा स्वभाव आम्हाला पाठ झाला होता. थंडीत तो उठायचा, उदबत्तीवर चिडायचा. एक पंप तिच्या पर्समध्ये असे, एक माझ्या खिशात. तिचं लहानपण मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. बोलण्यात आडपडदा नसे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या दोघांतलं बोलायचं काम तिच्याकडेच होतं.

विमान वर गेल्यावर मी बूट काढले. थोड्या वेळाने तिने मला कोपराने ढोसलं.

“अहो, बूट घाला.”

“का?”

“वास येतोय. अख्खं विमान नाक धरून बसलंय.”

“आजच धुतलेले मोजे आहेत.”

“धुतले कोणी? मीच ना? तरी सांगते, घाला.”

पलीकडच्या सीटवरचा तरुण हसला. “काकू, काकांना उगाच बोलताय. वास वरून येतोय.”

“तू नको त्यांची बाजू घेऊस. तुझे बूट पायात आहेत का ते बघ आधी.”

आसपासचे चारदोन जण हसले. मी बूट घातले. वास गेला नाही.

विमानातली हवा इंजिनातून आत घेतात, आणि तिच्यात तापलेलं तेल मिसळलं तर असाच घामट मोज्यांसारखा वास येतो, हे मी पुढे वाचलं. तेव्हा ते कुणाला सुचणार? मग डोक्यावरच्या हवेच्या झडपांतून निळसर काहीतरी उतरू लागलं आणि हसणं थांबलं. एअर होस्टेस सामानाचे कप्पे उघडून पाहत, भिंतीला तळहाताची मागची बाजू लावत पुढून मागे गेली. कुठे गरम लागतंय का, ते ती बघत होती. आपण परत फिरतो आहोत, अशी घोषणा झाली. ओले कागदी रुमाल हातोहात मागे आले. नाकातोंडावर धरा, डोकं गुडघ्यांपर्यंत खाली न्या.

सगळे वाकले. ती वाकली नाही.

दमा उसळला की माणूस हात मांड्यांवर रोवून ताठ बसतो. वाकलं की छाती दबते. चांगली हवा खाली होती, आणि खाली तिला श्वास घेता येत नव्हता. तिने एकदा प्रयत्न केला, लगेच वर आली. मी पंप दिला. तिने तो ओढला, खोकली, पुन्हा ओढला.

“आंटी, नीचे झुकिये, ऊपर धुआँ ज्यादा है,” एअर होस्टेस म्हणाली.

“हिला सांगा,” पत्नी मला म्हणाली, एकेका शब्दाला थांबत, “वाकले तर आत्ताच मरेन.”

मी सांगितलं. मागून कुणीतरी ओरडत होतं, ते वरचे मास्क का सोडत नाहीत? होस्टेसने त्याला हिंदीतच समजावलं की त्या मास्कमधून केबिनमधली हवाही येते, म्हणजे धूरही येणार. मग ती आमच्याजवळ गुडघ्यांवर बसली. ऑक्सिजनची एक बाटली होती, पण आग कुठे आहे का हे कळेपर्यंत ती उघडायची परवानगी तिला नव्हती. तिने पुढे वैमानिकाला फोन लावून विचारलं. परवानगी आली तेव्हा खाली द्राक्षांच्या बागा दिसू लागल्या होत्या. तोवर मी ओला रुमाल पत्नीच्या तोंडावर धरत होतो आणि ती तो बाजूला सारत होती. त्यातून तिला हवा पुरत नव्हती.

विमान नीट उतरलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती जिना स्वतः उतरली. खाली अँब्युलन्स होती. आत बसताना म्हणाली, “मुलीला फोन करा. म्हणावं, उशीर होईल.”

दुसऱ्या दिवशी पेपरात छोटी बातमी होती. सर्व प्रवासी सुखरूप. मी ती आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर वाचली. जन्मभर छापील शब्दावर विश्वास ठेवत आलेला माणूस मी. ‘सुखरूप’ हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला. छापणाऱ्याचं चुकलं नव्हतं. विमानतळावरून सगळे जिवंत बाहेर पडले होते.

भेटायला आलेले लोक विचारत, “विमान पडलं का हो?” मी नाही म्हणायचो. मग त्यांना पुढे काय विचारावं ते सुचत नसे. मुलीने एकदाच विचारलं, “बाबा, तुम्हाला काहीच कसं नाही झालं?” दुसऱ्या क्षणी ती रडू लागली. तिला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला कळलं होतं.

तिच्याच आग्रहाने मी तपासण्या करून घेतल्या. मी पत्नीच्या शेजारच्या सीटवर होतो, तोच धूर माझ्याही छातीत गेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. माझी फुप्फुसं स्वच्छ आहेत.