म्हातारपणाची तयारी, मुक्काम हॅम्बर्ग

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ओट्याखालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठत जातात आणि एक दिवस कप्प्याचं दार लागेनासं होतं. माझं तसं झालंय. हॅम्बर्गमध्ये चिनी वैद्यकाचा एक दवाखाना आहे, इथल्या भाषेत प्रॅक्सिस. तिथे मी अकरा वर्षं रिसेप्शनला बसते. डॉक्टर मात्र चिनी नाहीत. फ्राउ लोरेन्झेन नावाच्या साठीच्या जर्मन बाई आहेत, चीनमध्ये राहून शिकून आलेल्या. आजार झाल्यावर धावायचं नाही, तो होऊच द्यायचा नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हातारपण धडधाकट जावं म्हणून लोक आमच्याकडे येतात. हळूहळू इथली मराठी मंडळी आपापल्या आई-वडिलांना घेऊन यायला लागली आणि दुभाषी म्हणून मी आयतीच सापडले.

हल्ली हे किस्से मी रोज दुपारी श्रीकांतला सांगते. श्रीकांत म्हणजे माझा नवरा, वय अडुसष्ट. त्याच्या स्वादुपिंडात गाठ आहे आणि हॉस्पिटलचे डॉक्टर ऑक्टोबरच्या पुढचं काही बोलत नाहीत. तो म्हणतो, "काहीतरी हसण्यासारखं सांग." मग मी सांगते. हसणं त्याला अजून जमतं, मला जमत नाही.

* * *

पेंडसे काकांचा किस्सा त्याचा सगळ्यात आवडता. काका पंचाहत्तरीचे, निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले. मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये.

चिनी पद्धतीत नाडी बघतात तशी जीभही बघतात. जिभेचा रंग, वरचा थर, कडा, यावरून शरीरात काय चाललंय याचा अंदाज बांधतात. पण आपला माणूस डॉक्टरकडे जायचं म्हणजे स्वच्छ होऊन जातो. काकांनी तांब्याच्या पट्टीने जीभ अशी काही खरवडली होती की ती लालबुंद झाली होती.

फ्राउ लोरेन्झेन बघतच राहिल्या. "अहो, इथे तर वाचायला काहीच ठेवलेलं नाही."

काका खूश. "सांग त्यांना, साठ वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही."

तीन दिवस जीभ न घासता या, असं त्यांना सांगितलं. "पारोशा तोंडाने देवासमोर उभा राहू?" म्हणून काका चिडले. शेवटी तीन दिवसांची पूजा मुलाकडे सोपवून आले खरे, पण सकाळी घशासाठी हळदीचं दूध पिऊन! जीभ पिवळीजर्द. कॉफी घेतली का, हे फ्राउ लोरेन्झेन यांनी आठवणीने विचारलं. हळदीचं कोण विचारणार? त्यांनी कागदावर 'दमट उष्णता' असं लिहिलं आणि तूप, गूळ, आंबा, तळण सगळं बंद केलं.

हळदीचा उलगडा व्हायला सहा आठवडे लागले. सगळं परत सुरू करा म्हणून मी घाईघाईने फोन केला, तर काका म्हणाले, "राहू दे गं आता. सवय मोडली."

म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात सुखाच्या चार गोष्टी उरलेल्या असतात. तब्येत चांगली राहावी म्हणून त्याही आम्ही काढून घेतल्या.

* * *

पेंडसे काकूंची गत त्याहून वाईट. साठीनंतर सकाळी थंड दूध आणि कॉर्नफ्लेक्स नको, तांदूळ भरपूर पाण्यात तासभर शिजवून गरम गरम घ्या, असं फ्राउ लोरेन्झेन यांनी त्यांना सांगितलं. मी सरळ भाषांतर केलं, "काकू, रोज सकाळी पेज."

काकूंचा चेहरा उतरला. सून शिस्तीची. दुसऱ्या दिवसापासून न चुकता पेज समोर.

पंधरा दिवसांनी काकूंच्या बहिणीचा पुण्याहून मला फोन आला. बाई रडत होती. "आमच्या कुंदाला काय झालंय ते खरं सांगा. तिने सगळ्यांना फोन करून माफी मागितली. पाटल्या कुणाला द्यायच्या तेसुद्धा सांगून टाकलं."

मी तशीच निघाले. काकू खिडकीशी बसल्या होत्या, बाहेर नेहमीचा पाऊस. मला शेजारी बसवून हळूच म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना शेवटचे दोन महिने पेजच होती. मुलाला विचारायचा धीर होत नाही. तू सांग, किती दिवस म्हणाली ती बाई?"

तुम्हाला काहीही झालेलं नाही, असं मी शपथ घेऊन सांगितलं. त्या माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, "असंच सांगतात." अजून त्या रोज पेज खातात आणि अजून वाट बघतात.

* * *

रोहिणी अडतीस वर्षांची, पुण्याची, एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी. "ताई, मला चाळिशीच्या आत तब्येतीचं सगळं सेट करून टाकायचंय," असं पहिल्याच दिवशी म्हणाली. खरी तक्रार एवढीच की तिला झोप लागत नव्हती.

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावल्यावर वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं आणि फोन बाहेर ठेवायचा, हा आमचा नियम. तिने फोन माझ्या हातात दिला. "मीटिंग चालू आहे, कॅमेरा बंद आहे. कोणी माझं नाव घेतलं की तुम्ही फक्त 'गेनाऊ' म्हणा." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. जर्मन माणूस दिवसातून शंभरदा म्हणतो, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

मी पाच वेळा म्हटलं. आत रोहिणी कित्येक महिन्यांनी गाढ झोपली होती, चक्क घोरत होती. उठून बाहेर आली तेव्हा चेहरा कसा टवटवीत! मग तिने फोन पाहिला. माझ्या पाच गेनाऊंमध्ये ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसचं अख्खं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. दर सोमवारी सकाळी पाचची गाडी. तेव्हापासून ती आमच्याकडे फिरकलेली नाही. झोप येते का, हे विचारायला मला तोंड नाही.

* * *

श्रीकांत आमचा आदर्श विद्यार्थी. उभं आयुष्य बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं. मशीन बंद पडायच्या आधीच उघडून बघायचं असतं, हे त्याला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. दहाला झोप, प्यायला कोमट पाणी, पायात मोजे आणि दर शनिवारी पार्कात ची-गोंग. हा संथ हालचालींचा व्यायाम. त्यात एक प्रकार झाडासारखं उभं राहण्याचा असतो, गुडघे किंचित वाकवून आणि हात पोटापुढे गोल धरून. पेंडसे काका तीन मिनिटांत बाकड्यावर जाऊन बसायचे. श्रीकांत अर्धा तास उभा.

एकदा एका बाईंच्या कुत्र्याने त्याला खरंच झाड समजून पाय वर केला. श्रीकांत हलला नाही. घरी येऊन पँट धुवायला टाकली आणि म्हणाला, "म्हणजे माझी पोझ बरोबर होती."

फ्राउ लोरेन्झेन नव्या लोकांना त्याचंच उदाहरण द्यायच्या. गेल्या महिन्यात हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने त्याचं हृदय तपासलं आणि हे पन्नाशीच्या माणसाचं वाटतं म्हणाला. बिचारा कौतुकानेच म्हणाला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं चांगलं हृदय घेऊन आता करायचं काय?

* * *

पुढचा किस्सा मी श्रीकांतला सांगत नाही.

दर तीन महिन्यांनी फ्राउ लोरेन्झेन प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारतात. झोप, घाम, तहान, पोट, भूक. श्रीकांतचं जर्मन माझ्याहून चांगलं, पण त्याच्या वतीने मीच उत्तरं द्यायचे. दुसऱ्यांसाठी बोलून बोलून ती सवयच लागली होती. जानेवारीत त्यांनी विचारलं, "भूक?" मी म्हटलं, "उत्तम. ताट रोज लख्ख." श्रीकांत गप्प होता. त्यांनी तसं लिहून घेतलं.

त्याला नोव्हेंबरपासून अन्न जात नव्हतं. एकेक घास पाण्याबरोबर ढकलून तो ताट संपवत होता. मी वाढलेलं होतं आणि पानात टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. एप्रिलमध्ये त्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा सगळं बाहेर आलं.

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "तू इतक्या खात्रीने सांगितलंस, मला वाटलं असेल भूक."

जानेवारीत कळलं असतं तर काही करता आलं असतं का, असं मी हॉस्पिटलमध्ये विचारलं. त्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे न बघता फाइल बंद केली. मी स्वतःला माफ करू शकत नाही आणि करायचा प्रयत्नही आता सोडून दिलाय.

* * *

आणि हा गेल्या मंगळवारचा.

थंडीतले आजार उन्हाळ्यातच अडवायचे, असा चिनी वैद्यकात एक उपचार आहे. ऐन जुलैच्या उकाड्यात पाठीवर ठरावीक जागी मोहरी आणि आल्याचा लेप लावतात, म्हणजे पुढच्या थंडीत खोकला होत नाही. मात्र सलग तीन उन्हाळे लावावा लागतो, तरच गुण येतो म्हणतात. श्रीकांतला दर डिसेंबरात खोकल्याची उबळ यायची. त्याचे दोन उन्हाळे झाले होते.

मंगळवारी सकाळी तो शर्ट घालून दारात उभा. "चल, आज लेपाची तारीख आहे."

"श्रीकांत, तो थंडीसाठी असतो."

"माहितीये मला. तिसरं वर्ष आहे."

यू-बानचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, जिने त्याला आता चढवत नाहीत, म्हणून टॅक्सी केली. फ्राउ लोरेन्झेन यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. श्रीकांतने शर्ट काढून नीट घडी केली आणि पाठ करून बसला. त्यांनी लेप कालवायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला. मग सगळ्यांना सांगतात तेच त्यालाही सांगितलं, "दोन तास ठेवा. फार आग झाली तर लगेच काढा."

घरी येऊन तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, पाठ कुठे टेकू नये म्हणून. त्याची कातडी हल्ली फार पातळ झाली आहे. थोड्या वेळाने लेपाच्या कडेने लाल चट्टे दिसायला लागले. तो ओठ मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला होता.

मी टॉवेल भिजवून आणला. "आग होतेय ना? काढते मी."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून चाळीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "राहू दे."