पाडलेल्या चिनारांपाशी उजवीकडे

"दिवसाला एकच गाव पुरे, दुसरं पाहिलं की पहिलं पुसलं जातं," असं एमे रुमेगास एकदा पाहुण्यांना म्हणाला होता. त्याच्या चिठ्ठ्यांमागचं शास्त्र एवढंच होतं.

दक्षिण फ्रान्समधल्या युझेसच्या उत्तरेला, द्राक्षमळ्यांना लागून असलेल्या घरातल्या तीन खोल्या त्याची मुलगी मारिलिन भाड्याने देते. पाहुणे आठवडाभर राहतात, रोज सकाळी गाडी काढून कुठेतरी जातात आणि संध्याकाळी परततात. कुठे जायचं हे एमे ठरवायचा. चौतीस वर्षं त्याने पिवळ्या गाडीतून याच रस्त्यांवर टपाल वाटलं होतं. न्याहारीच्या टेबलावर, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीखाली, प्रत्येक गाडीसाठी त्याची एक चिठ्ठी असायची. निघायचं नऊनंतर. पाऊण तासाहून लांब जायचं नाही. साडेबाराला जेवायला बसलेलं असायचं, कारण दोननंतर इकडे चूल विझते आणि मग कोणी कितीही गयावया केली तरी कॉफीपलीकडे काही मिळत नाही. जेवण झालं की तासभर सावलीत काहीही करायचं नाही. हेही तो लिहायचा, वेळेसकट. परतीचा रस्ता वेगळा.

जूनमधल्या एका गुरुवारी वेरकामेन नावाचं बेल्जियन जोडपं गाडीतली बिस्किटं खाऊन परतलं. खानावळीत पोहोचायला त्यांना सव्वादोन झाले होते. मादाम वेरकामेन निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी तक्रार केली नाही. चिठ्ठी टेबलावर सरळ करून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"मस्यू रुमेगास, हे तीन चिनार नेमके कुठे आहेत?"

एमे उत्तर द्यायला लागला आणि थांबला. मोरीपाशी पेले पुसणारी मारिलिन वळली नाही.

"पाडले," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. रोग पडला होता."

हे त्याला ठाऊक होतं. करवत चालली तेव्हा तो तिथे उभा होता. त्यातलं गाडीभर लाकूड त्याने घरी आणलं आणि दोन हिवाळे जाळलं. मग चिठ्ठीत ते उभे कसे राहिले? संध्याकाळभर तो अंगणात याच प्रश्नापाशी बसून राहिला. गावात सगळेच असं बोलतात. स्टेशनपाशी भेटू म्हणतात, आणि तिथे शेवटची आगगाडी येऊन लोकांच्या दोन पिढ्या झाल्या. बेकरीच्या कोपऱ्यावर म्हणतात, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. त्यांना कोणी विसराळू म्हणत नाही. मग त्याचं हे गावाचंच बोलणं होतं, की दुसरं काही, फक्त त्याचं? आतून ते कळायला मार्ग नव्हता. गेल्या महिन्यात कोटाच्या खिशात त्याला स्वतःच्या अक्षरातली एक चिठ्ठी सापडली होती आणि ती कोणासाठी लिहिली ते काही केल्या आठवलं नव्हतं. हे त्याने मारिलिनला सांगितलं नव्हतं.

मारिलिनने कपाटातून छापील कागद आणले. वर प्लास्टिक, आत रस्त्यांचे आणि वर्तुळचौकांचे आकडे. ते तिने बरेच दिवस आधी करून ठेवलेले दिसत होते.

"उद्या मी गाडी चालवते," ती म्हणाली. "तू त्यांची आजचीच चिठ्ठी वाचायची. मी परकी, मला इथलं काहीच माहीत नाही. साडेबाराला आपण टेबलापाशी बसलेलो असलो तर तुझ्या चिठ्ठ्या चालू राहतील. नाहीतर सोमवारपासून हे कागद."

"परकी म्हणून तू शोभणार नाहीस," एमे म्हणाला. "फार बोलतेस."

शुक्रवारी ते निघाले. चिठ्ठीतला धुण्याचा हौद जागेवर होता, चुनाभट्टीचं जुनं धुराडंही. मग चिनार आले, म्हणजे आले नाहीत. तिथे वर्तुळचौक होता, मधोमध नगरपालिकेने लावलेलं ऑलिव्हचं झाड. चार रस्ते फुटत होते. एमे वाचत होता, "चिनारांनंतर उजवीकडे." मारिलिन विचारत होती, कुठले चिनार, आणि वळसा घालत होती. एक वळसा, दुसरा, तिसरा. मागचा ट्रक भोंगा वाजवून निघून गेला. प्रत्येक वळशाला एका ठराविक जागी एमेच्या खिडकीतल्या हातावर गारवा यायचा, सावलीतून गेल्यासारखा. त्या जागी सावली नव्हती. कोणत्या रस्त्यापाशी हा गारवा येतो ते पकडायला जावं तोवर गाडी पुढे गेलेली असायची.

शेवटी मारिलिनने गाडी कडेला घेतली. मळ्यात एक म्हातारा वेली तारेला बांधत होता. तिने काच खाली केली आणि बेल्जियन बाईच्या सुरात, शब्द तोडत तोडत, खानावळीचा रस्ता विचारला.

"सोपं आहे, बाईसाहेब. चिनारांपाशी उजवीकडे."

"कुठले चिनार?"

"पाडले ते," म्हातारा म्हणाला. "दुसरे आहेत कुठे?" आणि त्याने सुतळी धरलेल्या हाताने एका रस्त्याकडे बोट केलं.

एमे इतका हसला की त्याला खोकला आला. मारिलिनही हसू दाबत होती. बारा पंचवीसला ते टेबलापाशी बसले होते. शुक्रवार, मांस न खाण्याचा वार, म्हणून ब्रँडाड होतं, खारवलेल्या माशाचं, लोण्यासारखं घोटलेलं. तिने पाव मोडून अर्धा त्याच्यापुढे ठेवला.

"जिंकलास, पापा," ती म्हणाली. "लिहीत जा. फक्त झाडांच्या आधी 'पाडलेले' एवढं घाल."

ती आणखीही बरंच बोलत होती, खोल्यांबद्दल, मादाम वेरकामेनला आज काय सांगायचं त्याबद्दल. एमे खात होता, ऐकत होता, मान हलवत होता. समोरची बाई नीट जेवत होती. तिला जागा आवडलेली दिसत होती. त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि पुढे झुकून अदबीने विचारलं,

"मासे रुचले ना, मादाम? तुमच्या देशात असं करतात का?"

मारिलिन हसली. "पापा, खेळ संपला," ती म्हणाली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा काटा ताटाच्या काठावर राहिला. "पापा, तू गंमत करतोयस ना?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. गंमतच असणार. सकाळपासून ती परकी होतीच, तेच त्याने पुढे चालवलं असेल. पण विचारताना आपण कोणाला विचारत होतो हे तो मागे जाऊन शोधू लागला, आणि तिथे मारिलिन होती की नव्हती हे त्याला सांगता येईना. ती उत्तराची वाट पाहत होती. समोरच्या चेहऱ्यावर तिच्या आईची हनुवटी होती. आता ती स्पष्ट दिसत होती.

एमेने वरच्या खिशातली पेन्सिल काढली. चिठ्ठ्यांची ती एकच पेन्सिल होती, चाकूने तासलेली. ती त्याने मारिलिनच्या ताटाशेजारी, सुरीला लागून ठेवली. मग खुर्ची मागे सारून तो उठला आणि बाहेर पडला.