आमच्या मंडळाचं युद्ध

असले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस दारच लागेनासं होतं! माझं तसं झालंय. आम्ही नोएडातले मराठी लोक, सोसायटीतलं आमचं गणेश मंडळ, आणि तिकडे आखातात पेटलेलं युद्ध. माझा मुलगा अनिकेत मालवाहू जहाजावर, नेमका त्याच समुद्रात. आता डोकं फिरणार नाही तर काय होईल?

*

मंडळाचे अध्यक्ष बोरकर साहेब. सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. आमचा टीव्ही मोठा, म्हणून संध्याकाळच्या बातम्यांना आमच्याकडे हजर! पडद्यावर सायरन, धूर, अँकर घसा फाडून ओरडतोय. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आज काही मजा नाही, वहिनी. दोनच मिसाईलं पडली."

मजा! मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

साहेब आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमची केबल फार जाते हो!"

*

बोरकर वहिनींनी तर युद्धाची बातमी आल्या आल्या तेलाचे डबे भरले. बाल्कनीत डबे, दिवाणाखाली डबे. दुपारी मला फोन.

"अगं, तुझा अनिकेत तिकडेच आहे ना? विचार ना त्याला, गॅस खरंच महागणार का?"

मी म्हटलं, "त्याचा फोनच लागत नाहीये, वहिनी. जीव टांगणीला लागलाय आमचा."

"अच्छा, अच्छा," त्या म्हणाल्या. "मग लागला की विचार!"

राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी आमच्या कामवालीला घासायला एक वाटी उरली नाही.

*

आमचे हे मला सांगतात, "सारखं फोनमध्ये काय बघतेस? काही होत नाही त्याला." आणि स्वतः फोन घेऊन बाथरूममध्ये बसतात! कोणतं जहाज कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप आहे. नकाशावर नुसता एक ठिपका. मी दार बडवलं.

"दिसतोय का?"

मी पुन्हा दार बडवलं.

"अहो, दिसतोय का?"

"कालपासून नाही दिसत."

इतकी भडकले मी! ज्यांनी एसीत बसून हे युद्ध पेटवलं, त्यांची पोरं कुठल्या जहाजावर आहेत ते दाखवा म्हणावं मला! त्यांच्या अंगणात पडलीत का कधी असली मिसाईलं? बोलत सुटले नुसती. दाराआड हेच होते, म्हणून बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

*

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला. म्हटलं, आरतीच्या आधी दोन मिनिटं शांत उभे राहू या. तिकडे लहान मुलं मरताहेत.

बोरकर साहेबांनी चष्मा पुसला. "भावना समजतात, वहिनी. पण आपलं मंडळ नॉन-पॉलिटिकल आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लगेच पुढचा विषय, यंदाचा देखावा. तोही तिथेच मंजूर. समुद्रातलं युद्ध! धूर, लाईट, साउंड, बिल्कुल थेट बातम्यांसारखं. एकमताने!

मी म्हटलं, "एकमताने कसं? मी नाही म्हणतेय ना!"

"मीटिंगच्या मिनिट्समध्ये तसंच लिहितात, वहिनी."

*

पहिल्या दिवशी आरतीला जाणार नव्हते. पण गणपतीचा काय दोष? गेले. क्लबहाउसमध्ये मखराच्या बाजूला निळं कापड पसरलेलं, त्यावर साहेबांनी स्वतः बनवलेलं जहाज. आरती संपली, त्यांनी बटण दाबलं. धडाम्! जहाजातून लाल लाईट, भसाभसा धूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि तेवढ्यात हातातला फोन वाजला. अनिकेत! व्हिडिओ कॉल! दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण माझा अनिकेत. मला हुंदका आवरेना. ह्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"आई, ठीक आहे मी. आम्ही बंदरात आहोत. बाजूचं जहाज..."

बोरकर साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतलासुद्धा! "अरे वा, अनिकेत! कमाल टायमिंग! चलो, आपला देखावा बघ!" फोन जहाजासमोर धरला आणि पुन्हा बटण दाबलं. धडाम्! लाल लाईट, धूर, टाळ्या.

अनिकेत बघत राहिला.

"काका," तो म्हणाला, "डेकवर माणसं नाही दाखवलीत?"

साहेब खूश झाले. कोणीतरी बारकाईने बघितलं ना!

"ठेवणार होतो रे," ते म्हणाले. "पण माणसं स्केलमध्ये बसत नव्हती!"