टाइग नोराचा

टाइग हे आयरिश नाव पूर्वी राजांच्या घरात चालायचं आणि त्याचा अर्थ कवी. या टाइगला जन्मात दोन ओळी जुळवता आल्या नाहीत. बटाटे मात्र असे पिकवायचा, की उकडले की साल तडकून पिठूळ गर बाहेर यावा.

समोरच्या बेटावरून तो नोराच्या घरी घरजावई म्हणून आलेला. कॉनमाराच्या या किनाऱ्यावर माणसाच्या नावाला बापाचं, आजाचं नाव जोडतात. याचा बाप मिकिल इथं कुणी बघितलाच नव्हता. मग लोकांनी सासूचं जोडलं, टाइग नोराचा. सासू मातीत जाऊन दहा वर्षं झाली, तरी ते सुटलं नाही.

शेजारी दुसरा टाइग. पॅदरचा, मिकिलचा. त्याच्या आजाचंही नाव मिकिलच निघावं! वाटेवर कुणी "अ हाइग!" म्हणून हाळी दिली, हाकेत तिथं ट चा ह होतो, की दोघंही वळायचे. हाक नेमकी त्या आळश्यालाच असायची. आपला टाइग मनातल्या मनात जळायचा.

ऑगस्टात गावच्या हॉलात बटाट्यांचं प्रदर्शन भरलं. दोघांनीही ताटं मांडली. नावं लिहून घेणाऱ्या मास्तरांना आपला टाइग म्हणाला, "टाइग मिकिलचा असं लिहा."

"कुठला मिकिल?"

"माझा बाप. का मी आभाळातून पडलो?"

"माझ्या आईच्या नावानं तुझे केस गळतात काय रं?" बायको सॉर्खा फणकारली.

चार वाजता मास्तर ओरडले, "पहिला नंबर, टाइग मिकिलचा!"

हॉलातले सगळे हात पडले ते शेजाऱ्याच्या पाठीवर. "शाबास गड्या! मास्तर नुसतं पॅदर म्हणायचं विसरले!" तोही ओशाळं हसत कपाकडं निघाला.

बापाचं नाव गावात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं गेलं, आणि ते गेलं शेजाऱ्याच्या पदरात! टाइग कोपरं मारत पुढं घुसला.

"थांब रं भडव्या! बटाटे माझे हैत!"

"तू कोण मिकिलचा?" मागनं कुणीतरी विचारलं.

शेजाऱ्याचा हात कपापासून वीतभर राहिला होता.

"मी... टाइग नोराचा!"

"मग तसं सांग की लेका!" हॉल टाळ्यांनी दणाणला.

मास्तरांनी पेन काढलं, चिठ्ठीवरचं मिकिल खोडलं, वर नोरा लिहिलं आणि कप त्याच्या हातात दिला.