चाकणचा किल्ला आणि कासारवाडीतला मलिदा

“तू सुट्टीत घरी चाललायस ना? मग मीही येतो,” असं मिखाएल म्हणाला तेव्हा मी तोंड भरून “चल की!” म्हणालो आणि खोलीवर येऊन डोक्याला हात लावला. मिखाएल जर्मनीतला माझा वर्गमित्र. मी एकोणीस वर्षांचा, बारावीनंतर तिकडे इंजिनिअरिंग शिकायला गेलेला कासारवाडीचा मुलगा, आणि ज्यू. हो, मराठी ज्यू. आम्हाला बेने इस्राएल म्हणतात. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. हे सगळं तिकडे समजावता समजावता पहिल्या वर्षी माझी पुरती दमछाक झाली होती.

मिखाएलशी ओळख झाली ती एका शुक्रवारी संध्याकाळी. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. त्या छोट्या गावातल्या सिनेगॉगमध्ये नऊच जमले होते. होस्टेलवर एक भारतीय ज्यू आहे असं कुणीतरी सांगितलं आणि मिखाएल धापा टाकत मला न्यायला आला. मी दारात पाऊल टाकलं तसे तिथल्या म्हाताऱ्यांचे चेहरे खुलले. परक्या गावात इतकं मनापासून स्वागत माझं कुठेच झालं नव्हतं. ते टिकावं म्हणून मग मी घराबद्दल जरा सारवासारव करून सांगायला लागलो. “आमचंही अगदी तुमच्यासारखंच असतं,” वगैरे.

निघण्याआधी मी मामीला फोन केला. आई-बाबा नोकरीसाठी इस्राएलला, म्हणून मी लहानपणापासून सॅमसन मामा आणि फ्लोरा मामीकडे वाढलो. आमच्या हॉलमध्ये एलियाहू हन्नाबींचा, म्हणजे आमच्या प्रेषिताचा, अग्निरथातून स्वर्गात जातानाचा मोठा फोटो आहे. मामी दर शुक्रवारी त्याला झेंडूचा हार घालते. “मामी, मिखाएल असेपर्यंत तो फोटो काढून ठेवशील का? त्यांच्याकडे असलं काही नसतं,” मी म्हणालो. “बरं, काढते,” मामी म्हणाली.

कुणाला यायचं असेल तर सांगतो, मुंबई विमानतळावरून पिंपरीकडे येणारी शेअर टॅक्सी घ्या आणि नाशिक फाट्याला उतरा. पुण्यात शिरून उलटं यायचा उपद्व्याप करू नका. तिथून आमचं घर चालत गाठता येतं, फक्त रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. मिखाएलला हे सगळं भलतंच आवडलं. घरात शिरल्यावर मात्र त्याची नजर भिंतीवरच्या फिकट चौकोनावर गेली. “इथे काय होतं?” त्यानं विचारलं. “कॅलेंडर,” मी म्हणालो. मामी पाणी घेऊन उभी होती. तिला जर्मन येत नाही, पण कॅलेंडर हा शब्द येतो.

पुढचे दिवस छान गेले. पिंपळे सौदागरच्या खाऊगल्लीत पाणीपुरी झाली, मेट्रोनं पुण्याला जाऊन येणं झालं. भोसरीला मामाचं वर्कशॉपही बघितलं. तिथल्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. मामाला हवा असतो शनिवार, आमचा विश्रांतीचा दिवस. म्हणून तो गुरुवारी बंद वर्कशॉपमध्ये जाऊन मशीनची देखभाल करतो आणि त्याबदल्यात शेठ त्याला शनिवार देतात. “जुळतंय राव आमचं,” शेठ हसत म्हणाले. मिखाएलनं मामाचा हात हातात घेऊन तो किती तरी वेळ हलवला.

आमचं विमान शुक्रवारी पहाटेचं होतं, म्हणजे गुरुवारी रात्रीच निघायचं. त्या गुरुवारी मामानं मुद्दाम रजा घेतली. “संध्याकाळी मलिदा आहे. सहाच्या आत घरी या दोघं,” त्यानं बजावलं.

मलिदा म्हणजे राजकारणी खातात तो नव्हे. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, ताटाभोवती फळं आणि सुवासिक पानफुलं, असा आमचा एलियाहू हन्नाबींच्या नावानं करायचा विधी. प्रार्थना हिब्रूत, पण ताट बघितलं तर कुणालाही सत्यनारायणच आठवेल. मला तर मिखाएलचा चेहराच आठवला. मामी नारळ खोवत होती. “काय चाललंय?” त्यानं विचारलं. “शेजाऱ्यांकडे पूजा आहे. मामी मदत करतेय,” मी बेधडक सांगितलं आणि दुपारीच त्याला घेऊन चाकणला पळालो. मामा दहा माणसं कुठूनही जमवेल असं मी गृहीत धरलं. तो नेहमी जमवतो.

चाकणला भोसरीहून बस आहे, शेअर रिक्षाही मिळतात. संग्रामदुर्ग बघायचा असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. थोडी तटबंदी आणि खंदकाच्या खुणा उरल्यात, बाकी गावानं किल्ला पोटात घेतलाय. बघायला अर्धा तास पुष्कळ झाला. मी दोन तास लावले. प्रत्येक दगडापाशी मिखाएलला उभं करून फोटो काढले. मग बाजारात कांदाभजी खायला बसलो, एक प्लेट संपल्यावर दुसरी मागवली. तेवढ्यात मामाचा फोन आला. हात तेलकट होते म्हणून मी स्पीकर लावला.

“रुबेन, कुठं आहेस रे? आठ जण कधीचे बसलेत. पुण्याचे दोघं ऐनवेळी नाही आले. तुम्ही दोघं पोचलात की मिन्यान होतंय.”

“ट्रॅफिक आहे, मामा,” मी म्हणालो.

फोन ठेवला तर मिखाएल माझ्याकडेच बघत होता. “मिन्यान म्हणाले ना ते?”

मी मान हलवली.

“किती जण आहेत?”

“आठ.”

त्यानं आधी स्वतःकडे बोट केलं, मग माझ्याकडे. “आणि आपण इथे भजी खातोय?”

त्यानंतर खरंच ट्रॅफिक लागलं. तळेगाव चौकातून बाहेर पडायलाच इतका वेळ गेला की लोक बसमधून उतरून चालू लागले. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, मध्येच घुसणाऱ्या दुचाक्या. संध्याकाळी या रस्त्याला फिरकू नका, हा माझा एकमेव प्रामाणिक सल्ला. त्या गर्दीत उभ्या उभ्या मी मिखाएलला सगळं सांगितलं. पूजा शेजाऱ्यांची नाही, आमचीच. कॅलेंडर नव्हतं, फोटो होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “मला वाटलं, तू मला तुझं घर दाखवायला आणलंस.” मला त्याच्याकडे बघवेना.

घरी पोचलो तेव्हा सतरंजीवर मामासकट सहा जण उरले होते. मामा डोक्यावर किप्पा, म्हणजे प्रार्थनेची गोल टोपी, घालून बसला होता. मध्ये पांढऱ्या रुमालानं झाकलेलं ताट.

“दोघांची रात्रपाळी होती,” मामा म्हणाला. “कंपनीची बस काय कुणासाठी थांबत नाही.”

मिखाएलनं खिशातून किप्पा काढून डोक्यावर ठेवला आणि मामाशेजारी जाऊन बसला. त्याला धरून सात, मला धरून आठ. मामाचा नियम असा की दहा झाल्याशिवाय ताटावरचा रुमाल काढायचा नाही. त्यानं तो काढला नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, “होतं असं कधीकधी” म्हणत चपला घातल्या.

मी स्वयंपाकघरात गेलो. मामी ओट्याशी उभी होती. “पुढच्या महिन्यात करा ना,” मी चाचरत म्हणालो.

“तुझाच होता रे,” ती म्हणाली. “तुझा व्हिसा पहिल्यांदा नाकारला ना, तेव्हा नवस बोलले होते मी. तू तिकडे जाऊन सुखरूप परत आलास की मलिदा करीन म्हणून. तू समोर बसायला हवास त्याला.”

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं माणसं का म्हणतात ते मला तिथे कळलं. दारात मिखाएल उभा होता. “काय म्हणाल्या त्या?” त्यानं विचारलं. मला ते एकेक शब्द करून जर्मनमध्ये सांगावं लागलं, मामीच्या देखत. ते ऐकून मिखाएल मामीसमोर हात जोडून उभा राहिला. हात जोडायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. टॅक्सी आल्यावर मामीनं आमच्या हातात चिवड्याचा डबा दिला, नेहमीसारखा माझ्या गालावरून हात फिरवला आणि पोचल्यावर कळवा म्हणाली.

परतल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी सिनेगॉगमधून फोन आला. एक माणूस कमी होता. मी गेलो. प्रार्थना झाल्यावर एका म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, “तुझ्या मामाच्या गावात जमतात का रे दहा?”

मिखाएल समोरच होता.

“यावेळी नाही जमले,” मी म्हणालो. “दोघं आले नाहीत.”

“कोण?”

“एक मी. आणि ह्याला मी येऊ दिलं नाही.”

कुणी रागावलं नाही. म्हाताऱ्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. चाकणचे सगळे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत, प्रत्येक दगडाचा एक. ते उघडायची इच्छा होत नाही. घरातला एकही फोटो मी काढला नव्हता.

परवा मामीचा फोन आला. खाणंपिणं, थंडी, परीक्षा सगळं विचारून झालं. मी फोन ठेवणार तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “रुबेन, एलियाहू हन्नाबींचा फोटो परत भिंतीवर लावू का रे? की तुझं अजून कुणी यायचंय?”